झिरोच्या बल्बचा हिशेब

आमच्या खोलीत देव्हाऱ्यात लाल रंगाचा झिरोचा बल्ब होता. करी रोड स्टेशनचा पूल उतरून लालबागच्या दिशेने पाच मिनिटं चाललं की आमची चाळ. दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. ट्यूब दिवेलागणीला लागायची आणि रात्री साडेदहाच्या ठोक्याला आजी ती घालवायला लावायची. मधे कोणी गॅलरीत गप्पा मारायला गेलं आणि खोली रिकामी राहिली की आतून विचारणा यायची, "कोणासाठी जळतेय ती लाईट? बिल काय मिलचा मालक भरणारे?" लाल बल्बाला मात्र ही जरब नव्हती. तो चोवीस तास चालू. त्याला बटणच नव्हतं, होल्डर थेट तारेला जोडलेला. देवापुढचा दिवा मालवू नये हे एक, आणि शिवाय झिरोच तो, त्याला कसली आलीय वीज!

लागते की. बाजारात झिरोचा म्हणून मिळणारा तो जुना बल्ब प्रत्यक्षात पंधरा वॅटच्या आसपास खायचा. जुन्या मीटरची चकती एवढ्याशा भाराने जेमतेम हलायची, म्हणून लोकांच्या लेखी तो शून्य. पंधरा गुणिले चोवीस गुणिले तीस, म्हणजे महिन्याला १०.८ युनिट. आता ट्यूब बघा. ४० वॅटची ट्यूब आणि तिचा तो पट्टीत बसवलेला, गुणगुणणारा चोक मिळून साधारण ५५ वॅट. सकाळ-संध्याकाळ धरून सात तास. महिन्याला साडेअकरा युनिट. आजी जिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करत होती ती ट्यूब, आणि ज्याला बटणसुद्धा नव्हतं तो बल्ब, दोघं बिलात जवळजवळ बरोबरीचे वाटेकरी होते. हे गणित मी मांडलं तेव्हा आजी नव्हती. असती तर म्हणाली असती, देवाच्या खात्यात कशाला नाक खुपसतोस.

घरच्या दिव्यांवरची वीज कशी वाचवावी, यावर गेल्या चाळीस वर्षांत आपल्याला पुष्कळ ऐकवलं गेलं. शाळेच्या पुस्तकात, लाईट बिलाच्या मागच्या बाजूला, टीव्हीवर. त्यातलं बरंचसं तेव्हा खरं होतं, आज शिळं झालं आहे. या सगळ्या सांगण्याचा आणि करण्याचा आढावा घेताना माझं मत असं झालं आहे की दिवा बदलून जे वाचायचं होतं ते आपण जवळपास वाचवून बसलो आहोत. आता प्रश्न उरला आहे तो उजेड कुठून येतो आणि कुठे पडतो याचा. आणि आमच्या भागात तो सुटण्याऐवजी बिघडत चालला आहे.

त्यासाठी जरा मागे जायला हवं. लालबागमध्ये गॅस कंपनी लेन आहे. आजच्या पोरांना ते नाव सिलिंडरच्या एजन्सीचं वाटतं. ते आहे बॉम्बे गॅस कंपनीचं, जिच्या गॅसवर मुंबईचे रस्ते १८६५ पासून उजळू लागले. विजेचा दिवा मुंबईने पहिल्यांदा पाहिला तो १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात, आणि ते काम करणारी कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. मग १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली. तीच आपली बेस्ट, ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेच्या ताब्यात आलेली. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटावर अडवलेलं पाणी तारांमधून थेट गिरण्यांपर्यंत आलं. चाळीच्या खोल्यांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. खोल्यांत रॉकेलची चिमणी होती, आणि ती बरीच वर्षं राहिली.

या विजेची किंमत कोणी मोजली, याची पाटी आमच्या शेजारीच लागलेली आहे. टाटांच्या धरणात बुडणाऱ्या गावांसाठी १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. लोअर परळच्या गिरण्यांना लागून जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे, सेनापती बापट मार्ग. ज्या गिरण्यांसाठी मुळशीकरांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्याच दारातून तो रस्ता जातो. रोज त्यावरून टॅक्सीने जाणाऱ्यांपैकी कितीजणांच्या हे ध्यानात येत असेल कोण जाणे.

पण मला गिरण्यांकडे वळायचं आहे ते वेगळ्या कारणाने. उजेडाची काटकसर कशी करावी हे गिरणीमालकांना फार चांगलं कळत होतं. जुन्या गिरणीचं विणखातं आठवा. छप्पर करवतीच्या दातांसारखं, प्रत्येक दाताची एक बाजू पत्र्याची किंवा कौलांची आणि दुसरी, उत्तरेकडची, काचेची. उत्तरेकडून येणारा उजेड शांत असतो. ऊन आत घुसत नाही, सावल्या पडत नाहीत, तुटलेला धागा नजरेला लगेच दिसतो. शेकडो मागांवर दिवसभर फुकट उजेड. पण सूर्य मावळला की काम थांबायचं, कारण तेलाच्या दिव्यांवर कापसाच्या गिरणीत रात्र काढणं आगीला आमंत्रण. त्यामुळे कामाचा दिवस सूर्यावर ठरायचा, थंडीत आखूड आणि उन्हाळ्यात लांब.

१९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. आगीची भीती कमी, उजेड भरपूर. झालं काय? वाचलं काहीच नाही. बाजारात तेजी होती, मालकांनी कामाचे तास चौदा आणि त्याहून वर नेले. कामगार भडकले, दंगे झाले, चौकशी समिती बसली, आयोग बसला, आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा घालून दिली. दिवा सुधारला की माणूस त्याच उजेडात थांबत नाही, जास्त वेळ जाळतो, जास्त ठिकाणी जाळतो. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल नेमकं हेच म्हणून ठेवलं होतं: इंजिन कमी कोळशात चालू लागलं की कोळशाचा खप घटत नाही, वाढतो. त्याचं पुस्तक आलं १८६५ मध्ये, मुंबईत गॅसचे दिवे लागले त्याच साली. गिरणगावाने पुस्तक न वाचताच त्याचा अनुभव घेतला.

आता घरात येऊ. चाळीत वीज आली तेव्हा पहिला आला पिवळा बल्ब, साठ नाहीतर शंभरचा. तो खरं तर दिवा नव्हेच, उजेड देणारी छोटी शेगडी. घेतलेल्या विजेतला जेमतेम विसावा भाग उजेड होतो, उरलेला नुसता ताप. मे महिन्यात पोटमाळ्यावर अभ्यासाला बसलेल्या पोराला हे कोणी शिकवावं लागायचं नाही. मग ट्यूब आली. तिने तेवढ्याच विजेत चौपट उजेड दिला आणि चाळीला एक नवा धंदाही दिला. ट्यूब फडफडली की स्टुलावर चढून स्टार्टर फिरवणं, टोकं काळी पडली की 'गेली वाटतं' म्हणून जाहीर करणं, चोक जळल्याचा वास ओळखणं. प्रत्येक मजल्यावर या कामातला एक तरी जाणकार असायचाच.

सीएफएलचा जमाना थोडका टिकला. २००९ मध्ये केंद्र सरकारने बचत लॅम्प योजना काढली. पिवळा बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्या, बाकीचा खर्च कार्बन क्रेडिट विकून भरून काढायचा. कल्पना हुशारीची, पण क्रेडिटचा बाजारच बसला आणि योजनेतली हवा गेली. सीएफएलच्या पोटात पारा असायचा, काही मिलिग्रॅमच, पण असायचा. ट्यूबमध्येही होताच. गेलेल्या ट्यूबा आम्ही पोरं कचऱ्याच्या पिंपावर आपटून फोडायचो, त्या 'फट्ट' आवाजासाठी. असल्या दिव्यांना ई-कचऱ्याच्या नियमांत जागा मिळाली ती २०१६ मध्ये. तोवर आमच्या पिढीचा बराच पारा हुंगून झाला होता.

मग एलईडी. निळा उजेड देणारा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल-हिरवे एलईडी रेडिओवर आणि खेळण्यांत कधीच आले होते. अडलं होतं ते निळ्यावर, कारण निळा मिळाल्याशिवाय पांढरा होत नाही. त्याच सुमारास आपल्याकडे सरकारी कंपनीने बल्ब घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली ही योजना पुढे 'उजाला' म्हणून ओळखली गेली. तिचं खरं यश मला विकलेल्या बल्बांच्या आकड्यात दिसत नाही. ते आहे भावात. २०१४ च्या सुरुवातीला खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. एवढी मोठी ऑर्डर एकदम निघाली की कारखानदार वाकतो, हे लोहार चाळीतला विजेच्या सामानाचा कुठलाही घाऊक व्यापारी सांगेल. त्या भावाने खुल्या बाजारातला बल्बही खाली ओढला, आणि योजनेच्या रांगेत कधीही उभं न राहिलेल्या घरांतही एलईडी पोचला.

बचतीचे सरकारी आकडे मात्र चिमटीत धरून घ्यावेत. सुमारे ३७ कोटी बल्ब वाटले आणि त्यातून वर्षाला सुमारे ४,८०० कोटी युनिट वाचतात, असं सांगितलं जातं. भागाकार केला तर एका बल्बामागे वर्षाला १३० युनिट. साठचा बल्ब काढून नऊचा लावला तर ५१ वॅट वाचतात. त्या हिशेबाने १३० युनिट वाचायला तो बल्ब वर्षाचे सगळे दिवस रोज सात तास जळायला हवा. आमच्या मोरीतला बल्ब दिवसाकाठी तासभर जळतो. तुमच्या घरातले सगळेच बल्ब सात तास जळतात का, आणि प्रत्येक नव्या बल्बाने पिवळाच बल्ब हटवला का, की एखाद्याने सीएफएल हटवला, हे ज्याचं त्याने बघावं. बचत झाली यात वाद नाही. ती कागदावर आहे तेवढीच झाली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

घरातले दिवे देशाच्या विजेत किती, याचं एक अस्सल मोजमाप मात्र नकळत होऊन गेलं. ५ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायचं आवाहन झालं. ग्रीड सांभाळणाऱ्यांचा अंदाज होता की मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल. उतरली ३१ हजारांहून जास्त. जलविद्युत केंद्रं भराभर उतरवून आणि पुन्हा चढवून त्यांनी ग्रीड तोलून धरलं. त्या रात्री आमच्या गॅलऱ्या पणत्यांनी भरल्या होत्या आणि समोरचा टॉवर पहिल्यांदाच काळा दिसत होता. बाबांना १९७१ च्या युद्धातला ब्लॅकआउट आठवला, खिडकीच्या काचांना चिकटवलेले काळे कागद आणि खालून 'लाइट बंद करोऽ' ओरडणारे वॉर्डन. मला आठवतो तो टॉवर. दहा वर्षं तो समोर उभा होता, पण त्याच्यामागे आकाश आहे हे मी विसरलो होतो.

चाळीत आणखी एक जागा आहे जिच्याबद्दल बचतीच्या पत्रकांत अवाक्षर नसतं. ती म्हणजे सामायिक दिवे. जिना, गॅलरी, संडासाकडे जाणारा बोळ. हे दिवे कोणाचेच नसतात, त्यामुळे ते सगळ्यांचे जळतात. आमच्याकडे गॅलरीत साठचे पिवळे बल्ब होते, चोरीला जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळीत कुलूपबंद. संध्याकाळी सातला लागायचे, सकाळी सहाला जायचे. म्हणजे एकेका बल्बाला महिन्याला जवळपास वीस युनिट. एका खोलीतल्या ट्यूबला लागायची त्याच्या पावणेदोनपट वीज एक गॅलरीचा बल्ब खायचा, आणि असे दहा. सामायिक मीटरचं बिल वर्गणीतून भरायचं आणि वर्गणीवरून भांडायचं. तळमजल्यावाले म्हणायचे, आम्ही जिना चढतच नाही. शेवटच्या खोलीवाले म्हणायचे, आमच्या दारातला बल्ब महिनाभर गेलेलाच आहे.

कमिटीच्या एका सभेत कोणीतरी सुचवलं की एक सोडून एक बल्ब काढावा. काढला. आठवड्याभरात दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी अंधारात बादलीला अडखळून पडल्या, आणि बल्ब परत आले. बचतीच्या नावाखाली अंधार करण्याचा हा प्रकार मी पुढे ऑफिसांत आणि सोसायट्यांतही बघितला आहे. जिन्यावरचा उजेड ही चैन नाही. पुढे सगळीकडे सात वॅटचे एलईडी लागले आणि एकेका बल्बाचा खर्च महिन्याला सव्वादोन-अडीच युनिटवर आला. भांडण संपलं असं म्हणवत नाही, वर्गणीचं भांडण आता पाण्याच्या पंपावर गेलं आहे. जिन्यात हालचाल ओळखून लागणारे सेन्सरचे बल्ब लावले तर आणखी वाचेल. पण अडीच युनिटांतून किती वाचणार, आणि सेन्सर बिघडला तर पुन्हा बादली.

खोलीचाही हिशेब पुरा करून टाकू. जुना हिशेब: ट्यूब साडेअकरा, देव्हारा १०.८, मोरीतला साठचा बल्ब रोज तासभर म्हणजे १.८. एकूण चोवीस युनिट. नवा हिशेब: वीस वॅटची एलईडी ट्यूब तितकेच तास म्हणजे ४.२, देव्हाऱ्यात अर्ध्या वॅटचा एलईडी चोवीस तास म्हणजे ०.४ सुद्धा नाही, मोरीत नऊचा बल्ब ०.३. एकूण पाचाच्या आत. चोवीसाचे पाच झाले! आता या पाचातून वाचवायला निघालेला माणूस मला पिठातला किडा वेचून भाकरी जळू देणारा वाटतो. कारण त्याच खोलीत डोक्यावर ७५ वॅटचा जुना पंखा आहे, आणि मुंबईत तो अठरा तास फिरतो. महिन्याला चाळीस युनिट. तीस वॅटचा बीएलडीसी पंखा घेतला तर त्यातले चोवीस वाचतात, म्हणजे सगळे दिवे बदलून वाचले त्याहून जास्त. पंख्यांवर तारांकन सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२३ पासून. उशिरा, पण झालं. पंख्याचं पुराण इथेच थांबवतो, तो या लेखाचा विषय नाही. फक्त इतकंच, की युनिटं जिथे आहेत तिथे हात घालावा.

एलईडी घेताना लोक अजून वॅट विचारतात. वॅट म्हणजे तो खातो किती. देतो किती ते लुमेनमध्ये, आणि खोक्यावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नऊ वॅटच्या बऱ्या बल्बाने नऊशे लुमेनच्या आसपास द्यायला हवेत. सातशे लिहिले असतील तर स्वस्त मिळाला म्हणून खूश होऊ नये. दुसरं, एलईडी स्वतः सहसा मरत नाही, मरतो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे बल्बाच्या मानेत बसवलेली छोटी सर्किटची चकती. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असतात ते थंड वातावरणातले. बंद काचेच्या गोळ्यात, छताला चिकटवून, मुंबईच्या दमटपणात तो तापतो आणि दोन-तीन वर्षांत टिकटिक करून जातो. मी एक बल्ब उघडून पाहिला, तो मात्र अपवाद निघाला. वीसेक पिवळे ठिपके, त्यातला एकच काळा पडलेला, आणि एकाच माळेत असल्यामुळे बाकीचे एकोणीस त्याच्यासाठी गप्प. लॅमिंग्टन रोडवर असे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त करणारेही. फेकण्याआधी तिकडे एक खेप करायला हरकत नाही.

रंगाबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट आहे. पांढरा म्हणजे जास्त उजेड, पिवळा म्हणजे गरिबी. त्याचं मूळ त्या साठच्या बल्बात असावं. एलईडीत पिवळसर आणि पांढऱ्याच्या लुमेनमध्ये फार फरक नसतो, डोळ्यांना निवांत वाटण्यात असतो. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा राणीच्या हाराचे मोती बेरंगी झाले म्हणून राजकीय पक्ष एकमेकांना भिडले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी पिवळसर एलईडी आले. घराच्या बाबतीत इतकं भांडायचं कारण नाही. निजण्याच्या जागेत पिवळसर लावावा, ओट्यावर पांढरा, आणि विसरून जावं.

बचतीच्या यादीत शेवटी येणाऱ्या आणि माझ्या मते पहिल्या असायला हव्या होत्या अशा काही गोष्टी फुकट आहेत. दिवा अर्ध्या अंतरावर आणला की पानावर पडणारा उजेड चौपट होतो. दहा फुटांवरच्या छतावर वीस वॅटची ट्यूब लावून खाली मांडलेल्या वहीवर उजेड पाडण्यापेक्षा वहीच्या शेजारी पाच वॅटचा टेबललॅम्प बरा. शेजारी निजलेल्यांची झोपही मोडत नाही. एका खोलीत सातजण राहिलेल्या माणसाला याची किंमत विचारा.

दुसरी गोष्ट भिंती. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांशाहून जास्त परत खोलीत टाकते, गडद भिंत बहुतेक गिळून टाकते. चाळीत स्टोव्हच्या काजळीचे डाग दिसू नयेत म्हणून खालच्या अर्ध्या भिंतीला हिरवा नाहीतर निळा ऑइल पेंट असायचा, आणि मग 'ट्यूब लावूनही अंधारच वाटतो' अशी तक्रार. तिसरी गोष्ट धूळ. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, आई ट्यूब काढून साबणाच्या फडक्याने पुसायची. उदबत्तीची काजळी आणि गिरणीच्या कापसाची बारीक लव तिच्यावर चढलेली असायची. पुसून लावली की बाबा दरवर्षी न चुकता म्हणायचे, नवीन आणलीस काय गं?

वाचलेल्या विजेचं पुढे काय झालं, तर गिरण्यांत १९०५ मध्ये झालं तेच, थोड्या सौम्य रूपात. पूर्वी दिवाळीचा कंदील म्हणजे आत एक चाळीसचा बल्ब, आणि तोही जेवणं उरकली की बंद. आता एलईडीच्या माळा गणपतीत लागतात त्या तुळशीच्या लग्नापर्यंत उतरत नाहीत, कारण 'त्यांना कुठे वीज लागते'. हे वाक्य मी झिरोच्या बल्बाबद्दल ऐकलं होतं. लालबागच्या रोषणाईवर टीका करायला माझी जीभ वळत नाही, मी तिच्यातच वाढलो. पण २०२२-२३ मध्ये सुशोभीकरणाच्या नावाने मुंबईभर झाडांच्या बुंध्यांना आणि विजेच्या खांबांना रंगीत माळा गुंडाळल्या गेल्या, तेव्हा मात्र राग आला. कावळ्याने झोपावं कधी? झाडांवरच्या या दिव्यांचं प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं.

आणि आता दिवसाच्या उजेडाकडे. आमच्या चाळीला उघडी गॅलरी होती, त्यामुळे दार उघडं असेपर्यंत ट्यूब लागत नसे. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींची गोष्ट निराळी. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या इमारतींत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, मजल्याला वीस, इमारतीला ऐंशी. खोलीला खिडकी आहे, पण बोळात भर दुपारी दिवा. ज्या शहरात मालकांनी मागांसाठी उत्तरेकडच्या काचा मोजून बसवल्या, त्याच शहराने माग चालवणाऱ्यांच्या घरांना दिलेला उजेड हा असा. आता तिथे पुनर्विकास होतो आहे, १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट मिळणार आहेत, संडास घरात येणार आहे. त्याच्या विरोधात बोलायला मी वेडा नाही. दहा बाय बारात राहून बघितलेला माणूस क्षेत्रफळाची चेष्टा करत नाही.

पण पुनर्विकासाच्या सगळ्या वाटाघाटी चौरस फुटांवर होतात. कार्पेट किती, कॉर्पस किती, पार्किंग मिळणार का. खिडकीतून काय दिसेल हे कोणी विचारत नाही, आणि दोन इमारतींमधलं अंतर हे सवलतीत सोडून द्यायचं कलम होऊन बसतं. विकायचा टॉवर समुद्राकडे तोंड करून, मूळ रहिवाशांची इमारत त्याच्या पाठीला. याचा शेवट कुठे होतो ते गोवंडी-मानखुर्दने दाखवलं आहे. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर जागा. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासात तिथल्या क्षयरोगाचा या रचनेशी संबंध दिसून आला. तिथे दिवसभर दिवे जळतात, पण ती उधळपट्टी त्या घरांच्या बिलात शोधू नये. ती नकाशात झाली आहे.

माझा मामेभाऊ गेल्या वर्षी नव्या इमारतीत राहायला गेला, अकराव्या मजल्यावर. पेढे घेऊन गेलो. घर लख्ख, टाइल्स पांढऱ्या, सगळीकडे एलईडी, पंखे पाच तारे. देव्हाऱ्यातही अर्ध्या वॅटचा, लालच. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या पाइपांवर उघडते. हात लांब केला तर पलीकडची मनी प्लांटची कुंडी सरकवता येईल. मी विचारलं, इथला दिवा दिवसभर लागतो का? भावजय म्हणाली, "हो दादा, पण नऊ वॅट तर आहे." तिचं खरंच होतं. चौदा तास धरले तरी महिन्याला चार युनिटांच्या आत, आजीच्या झिरोच्या बल्बाच्या निम्म्याहून कमी. बिलात कुठे सापडणारसुद्धा नाही.

निघताना पाणी प्यायला आत गेलो आणि येता येता जुन्या सवयीने बटण खाली केलं. दुपारचा दीड वाजला होता.

"अहो दादा, चहा गाळतेय!" आतून आवाज आला.